भरत जाणारा सेल

कळव्यात आमची छोटी कंपनी आहे. म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं बटण आम्ही बनवतो. दाबलं की घरच्यांचे फोन वाजतात. आत लिथियमचा सेल असतो, चार्ज न होणारा. संपला की फेकायचा. तो किती उरलाय हे सांगणं अवघड, कारण त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तेवढंच राहतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून आम्ही बाहेर गेलेला करंट मोजून वजा करणारी चिप बसवली. उरलेले टक्के बटणाच्या छोट्या स्क्रीनवर दिसतात. आकडा चुकल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात.

बाळकुमहून कल्पिता मढवी नावाच्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, सासूबाईंच्या बटणाची बॅटरी वाढतेय."

"कमी होतेय का?"

"नाही हो. वाढतेय."

दुपारी गेले. राहत्या इमारतीचा टॉवर मढवींच्याच जुन्या शेतावर उभा राहिलेला. फ्लॅट मोठा, हॉलमध्ये थंडगार एसी. सासूबाईंची, लक्ष्मीबाईंची खोली सगळ्यात आत, वॉशिंग मशीनला लागून. खिडकीतून खाडी दिसत होती, पण खाटेवरून नाही. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. तळव्यांच्या भेगा अजून पांढऱ्या होत्या.

मी कल्पिताला समजावलं. पडून राहिलेल्या सेलच्या आत पातळ थर धरतो, वापर झाला की तो सुटतो, तेव्हा सेल थोडा सावरल्यासारखा वाटू शकतो. बोलता बोलता तिचा फोन वाजला. तिने बघितलं आणि पालथा ठेवला.

"त्याच आहेत. उशी सरकली, दाब. चहा गार झाला, दाब. किती वेळा उठायचं माणसाने?"

मी मुद्दाम निम्म्याहून जास्त वापरलेला सेल घातला. आकडा चाळीसवर बसवून आले.

पुढच्या आठवड्यात तो सत्तर होता.

चिप बिघडली म्हणावं, तर सेल काढून मी कंपनीत ताकद मोजायला लोडवर लावला. त्यात खरंच तेवढी ताकद होती. चिपला तर फक्त वजाबाकी येते. तिच्यात मिळवायची सोयच नाही. दुसरं बटण दिलं, दुसरा सेल दिला. तेच झालं.

शेवटी मी लक्ष्मीबाईंनाच विचारलं, "आजी, हे चार्जरला वगैरे लावता का?"

"मना काय कलतंय त्यातला?" त्या म्हणाल्या. बटण मुठीत होतं. "मी दाबतंय. कोन येत नाय. कोन आला नाय का ही गरम होते. मंग मी छातीशी धरतंय."

मी हात लावून पाहिला. बटण ताज्या भाकरीसारखं ऊन होतं.

बाहेर त्यांचा मुलगा दिपेश सोफ्यावर मॅच बघत होता. त्याला म्हटलं, "त्यांनी दाबल्यावर एकदा जाऊन तर बघा. कदाचित आकडा..."



"वल्लरी मॅडम, तुम्ही मशीनचं बघा ना," तो म्हणाला. "घरातलं आम्ही बघतो."

लक्ष्मीबाई एका रविवारी गेल्या. दुपारची वेळ, सगळे घरात. पाहुणे जेवायला आलेले. फोन टेबलावर पालथे पडलेले. कोणीतरी ताट घेऊन आत गेलं तेव्हा अंग गार झालं होतं. फक्त मूठ ऊन होती, असं कल्पिता मला नंतर म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "काही त्रास नव्हता हो त्यांना. समाधानाने गेल्या."

दिवसकार्य झाल्यावर दिपेश बटण परत द्यायला स्वतः आला. बसला नाही. आकडा शंभर होता.

तो गेल्यावर मी टेबलावर कव्हर उघडलं. सेल बाहेर काढला. बटणाच्या आत थोडी वीज उरली असेल तर उतरावी म्हणून बटणातली दोन्ही टोकं तारेने जोडून ठेवली. स्क्रीन विझली. मला जरा हलकं वाटलं.

माझा फोन वाजला. दिपेश होता, रस्त्यातच असावा. मागे ट्रॅफिकचे हॉर्न.

"मॅडम, तुम्ही टेस्टिंग करताय का? आईच्या बटणावरून सारखा कॉल येतोय."

सेल माझ्या तळहातावर होता.

"हो," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. नंबर ब्लॉक करतो."

फोन बंद झाला. मी टेबलाकडे पाहिलं.

बटणाचं रबर आत गेलेलं होतं.

ते वर आलं. जरा थांबलं.

आणि पुन्हा हळूहळू आत दबलं. मधोमध, अंगठ्याएवढं.