हेगेदालांचं शेत

या, जरा जवळ सरा. आज पूर्वरंग नाही, निरूपण नाही. थेट आख्यानालाच हात घालतो. नीट ऐका, शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

नागपूरचा अतुल उमरेडकर. वडील गेले तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे त्याला अग्नी द्यायला जाता आलं नाही. वर्षश्राद्ध तरी आपल्या हातून नीट घडावं, एवढीच त्याची तळमळ. त्याच साली तो आणि त्याची बायको मीनाक्षी अमेरिकेतलंच हर्नडन शहर सोडून मिनेसोटात आले. मक्याच्या शेतात एक जुनं लाकडी घर घेतलं.

शेजारच्या इंग्रिडबाई केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वेलकम, मिस्टर हेगेदाल."

अतुल हसला, तेव्हा बाईंनी समजावलं. हेगेदाल हे या शेताचं नाव, नॉर्वेहून आलेल्यांनी ठेवलेलं. नॉर्वेत पूर्वी आडनाव शेताचं असायचं. जो राहायला येईल त्याला ते लागायचं. इथले नामवंत हेगेदाल चर्चच्या भिंतीवर फोटोत होते: एक न्यायाधीश, एक स्की बनवणारा, एक गोड गळ्याची गायिका. एकाचाही चेहरा दुसऱ्याशी जुळत नव्हता. गायिका तर आयर्लंडहून आलेली पोरकी पोर.

"पण मरताना आईला नॉर्वेजियनमध्ये हाका मारत होती," म्हणत बाई केक कापू लागल्या.

अतुलला गंमत वाटली. आपण उमरेड सोडलं म्हणून उमरेडकर झालो, इथं सगळं उलटंच. कॉफीच्या दुकानात तो 'हेगेदाल' सांगू लागला.

"दुसऱ्याचं आडनाव कशाला लावतोस रे?" मीनाक्षी चिडली.

"कॉफीपुरतं गं, यार. उमरेडकर कोण म्हणणार इथं?"

हिवाळ्यात त्यानं बर्फाखाली बुजलेली विहीर न शोधता दाखवली. भांडी घासताना तो कुठलीशी चाल गुणगुणायचा. कुठली, ते त्यालाही सांगता येईना.

श्राद्धाचा दिवस आला. सकाळच्या उन्हात दर्भाची अंगठी घालून, ओंजळीत तिळाचं पाणी घेऊन तो बसला. व्हिडिओवर नागपूरचे गुरुजी, शेजारी आई.

"वडील, आजोबा, पणजोबा. नावं घ्या."

अतुलनं डोळे मिटले. "ओला. निल्स. तूर."

जुन्या हेगेदालांची नावं, जराही न अडखळता.

मीनाक्षीनं त्याचा खांदा धरला. "अरे, बाबांचं नाव घे. त्र्यंबक."

त्यानं परक्या बाईकडे पाहावं तसं अदबीनं पाहिलं. "कोण ते?"

तिनं घाबरून स्क्रीनकडे पाहिलं. सासूबाई शांतपणे पदर सावरत होत्या.

"बरोबर सांगितलं त्यानं," त्या म्हणाल्या. "सोड पाणी, बाळा."

पाणी सुटलं.

आता ते नाव घेणारी एकटी मीनाक्षी उरली आहे. परवा मला फोनवर ते नाव सांगताना तीही जरा अडखळली. म्हणून मागतो: देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्र्यंबक उमरेडकरांची आठवण ठेवा. नाव मोठ्यानं घ्या.