गुलाबी खूणचिठ्ठी

"मास्तर, 'लोन्ली' गेला!"

कार्डांचे खण सांभाळणारी कार्डताई दारातच उभी होती. हातात लाकडी खण, चेहरा पांढराफटक.

शब्दकोशाच्या कचेरीत अशा आरोळीचं कुणाला नवल वाटत नसे. इथे शब्द हरवत, सापडत, पुन्हा हरवत. पण 'एल'ची पानं उद्या दुपारी छापखान्यात जायची होती, आणि 'लोन्ली' या इंग्रजी विशेषणाची अकराच्या अकरा कार्डं नाहीशी झाली होती. अर्थ, उदाहरणं आणि 'अलोन', 'सॉलिटरी' या भावंडांपासून त्याचा वेगळेपणा सांगणारी टीप, सगळंच. दुसरी प्रत नव्हती.

मुख्य संपादकांनी, म्हणजे सरांनी, सगळ्यांना बोलावलं.

"काल शेवटी खणापाशी कोण होतं?"

मास्तर इथले मुद्रितशोधक. पूर्वी शाळेत होते, म्हणून मास्तर. विचारलेल्याचं उत्तर लगेच द्यायची खोड तिथूनच लागलेली. "कार्डताई होती," ते म्हणाले.

बोलून गेले आणि चरकले. पुढचं वाक्य घशातच राहिलं. चार माणसांत त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

"किल्ली तुमच्याकडे, जबाबदारी तुमची," सर ताईकडे न बघता म्हणाले. "पाचपर्यंत कार्डं आली नाहीत, तर उद्यापासून येऊ नका."

ताईच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि कमावती ही एकटी. हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनाही.

ते तिच्या टेबलापाशी गेले. "खण बघू जरा."

"आता काय बघताय? सकाळी बोललात तेवढं पुरे नाही झालं?"

"म्हणूनच बघतोय."

तिने खण पुढे सरकवला. प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला भोक, आणि सगळ्या भोकांतून गेलेली एक लोखंडी सळई. मागची घुंडी फिरवून सळई ओढल्याशिवाय कार्ड निघत नाही. हिसकलं तर फाटतं. इथे एकही कपटा नव्हता. सळई जागेवर, घुंडी घट्ट.

"दुसरी किल्ली?"

"सरांच्या टेबलात. पण ते कशाला खणाला हात लावतील? हवं ते कार्ड मीच नेऊन देते."

'लोन्ली'च्या जागी एक कोरा, विटका गुलाबी कागद होता.

"हे काय?"

"रद्दी असेल. खणात काहीबाही निघतं."

"याला भोक आहे. सळईत ओवलेला होता."

"मग?"

"तू कार्ड काढलंस की त्या जागी काय ठेवतेस?"

"खूणचिठ्ठी. नाव, तारीख घालून. पिवळी."

"पिवळीच?"

"मी आले तेव्हापासून पिवळीच. बाईमाणसाला रंग आवडतात म्हणून बदलत नाही कुणी रोज!"

मास्तरांनी कागद खिशात घातला आणि संगणकावर टाइप करणाऱ्या पोरसवदा तरुणाकडे वळले. त्याला सगळे खटखट्या म्हणत.

"या मास्तर, माझ्यावर संशय घ्या. आजवर मला कुणी गंभीरपणे घेतलंच नाही."

"'लोन्ली'चं पान तू टाइप केलंस?"

"आलंच नाही हो. तीनदा मागितलं. सर म्हणाले, सगळ्यात शेवटी देतो."

"केव्हापासून?"

खटखट्याचा आवाज खाली आला. "महिना झाला. वहिनी वारल्या ना, त्या सुट्टीवरून सर परतल्यापासून."

"गुलाबी खूणचिठ्ठ्या कधी पाहिल्या आहेस का?"

"गुलाबी? मास्तर, या वयात प्रेमपत्रं?"

मास्तर आपल्या जागेवर बसले. टेबलाच्या तळच्या खणात हात घातला. जुनी खोडरबरं, मोडका चष्मा, आणि त्याखाली विटक्या गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा. नऊ वर्षांपूर्वी त्या बंद झाल्या. त्या काळातली माणसं आता दोनच. एक ते स्वतः.

'आपण तर घेतली नाहीत ना?' त्यांनी आपली पिशवी उलटी करून पाहिली. हल्ली स्वतःचा भरवसा वाटत नसे.

पाचला दहा मिनिटं असताना ते ताईला घेऊन सरांच्या खोलीत गेले. गुलाबी कागद टेबलावर ठेवला.

"सर, कार्डं तुमच्याकडे आहेत."

ताईने तोंडावर हात ठेवला.

"ज्याने कार्डं काढली त्याने घाई केली नाही. घुंडी फिरवली, सळई ओढली, पुन्हा बसवली. खणाला किल्ली लावली. दोनच किल्ल्या आहेत. हिने काढली असती तर रिकाम्या जागी पिवळी चिठ्ठी आली असती, नाहीतर काहीच नाही. चोरी करतानाही ज्याला जागा मोकळी सोडवेना, तो माणूस तीस वर्षं हेच काम केलेला. हाताने सवयीने खूण ठेवली. नाव तेवढं लिहिता आलं नाही."

"तुमच्याकडेही आहेत या चिठ्ठ्या," सर हळू म्हणाले.

"आहेत. पण किल्ली नाही. आणि ते पान महिनाभर मी अडवलं नव्हतं."

सरांनी बॅगेतून जेवणाचा डबा काढला. "हल्ली रिकामाच आणतो," ते म्हणाले. झाकण उघडलं. आत अकरा कार्डं होती.

वरचं कार्ड त्यांनी पुढे केलं. टीप अठरा वर्षांपूर्वीची, शब्द सरांचे: *अलोन ही स्थिती, लोन्ली ही तक्रार. कामात गढलेल्या माणसाची बायको बरेचदा 'अलोन' असते. तिने 'लोन्ली' असण्याचं कारण नाही.*

"तेव्हा आपण सगळे हसलो होतो," मास्तर म्हणाले.

"अक्षर बघा."

अक्षर वहिनींचं होतं. त्या काळी सगळी कार्डं घरी त्याच सुवाच्य करून देत. 'कारण नाही' या शब्दांशेजारी समासात पेन्सिलीचं बारीक प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे, हे पुन्हा एकदा तपासा.

"शेवटचा हात फिरवायला घेतलं तेव्हा दिसलं," सर म्हणाले. "ती गेल्यावर. छापवेना, फाडवेना. अठरा वर्षं ती उत्तराची वाट बघत होती."

मास्तर खाली बघत राहिले. "मला तेव्हाच दिसलं होतं, सर. प्रश्नचिन्ह दिसलं की लिहिणाऱ्याला विचारायचं, हा आपला नियम. मी विचारलं नाही. नक्कल करताना पेन्सिल टेकली असेल, म्हटलं."

मग ताई बोलली.

"आणि माझी नोकरी? तुमच्या दुःखापायी माझी आई उपाशी राहिली असती, सर. तुम्ही सकाळी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"बघवलं नाही," सर म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं."

"हे इथे नको. बाहेर या," ताई म्हणाली.

सर उठले. बाहेर येऊन सगळ्यांदेखत त्यांनी कार्डं कुणी घेतली ते सांगितलं. खटखट्यालासुद्धा विनोद सुचला नाही. मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी नवं कार्ड लिहिलं आणि मास्तरांना तपासायला दिलं.

*अलोन: जवळ कुणी नाही असा. सॉलिटरी: स्वतःहून वेगळा राहिलेला. लोन्ली: जवळ माणसं असोत वा नसोत, ज्याला कुणी काही विचारलं नाही असा.*

मास्तरांनी दोनदा वाचलं. खूण करण्यासारखं काही सापडलं नाही.

"मास्तर," ताई म्हणाली, "तुमचं सकाळचं वाक्य?"

"अर्धं राहिलं होतं ते."

"मग पुरं करा."

मास्तर उठून उभे राहिले.

"काल शेवटी खणापाशी कार्डताई होती," ते म्हणाले. "रोज तीच असते. आपण सगळे घरी गेल्यावर कुलूप लावायला तीच थांबते."