लिफ्टवाल्याचा दुसरा सीझन

कतायेफच्या, म्हणजे रमजानातल्या गोड घाऱ्यांच्या, रांगेत माझ्या पुढे उभा असलेला माणूस मागे वळून म्हणाला, "इतका वाईट आहे का हो?"

मी फोनवर बहिणीशी बोलत होते आणि माझा आवाज चढला होता, हे मान्य. पण रमजानचा अठरावा दिवस, आमच्या शुब्रा वस्तीतलं ऊन, घशाला कोरड, आणि त्यात टीव्हीवर 'लिफ्टवाला'चा दुसरा सीझन. माणसानं सोसायचं तरी किती?

"वाईट नाही, वात आणलाय," मी म्हणाले. "पहिल्या सीझनमध्ये साधा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. भिंतीपलीकडे कुणी रडलं की याला ऐकू यायचं, आणि हा हजर. आता काय, तर चकचकीत पोशाख घालून गच्चीवर उभा. सात भाग झाले, जिच्यावर जीव आहे त्या साफियाशी एक शब्द नाही. का, तर तिच्या भल्यासाठी."

"शत्रू तिच्या जिवावर उठलेत ना..."

"तिला विचारलं का त्यानं? माझ्याशी झालेला साखरपुडा मोडताना आमच्या त्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं. 'नेरमीन, तुझ्याच भल्यासाठी.' माझं भलं माझं मी बघेन. तुला यायचंय तर बेल वाजव, नाहीतर जिना उतर."

हे परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे. उपाशीपोटी माझी जीभ सैल सुटते. तो हसला नाही. बाजूला होऊन त्यानं मला रांगेत पुढे घेतलं. नाव बासेम.

मग रोज दुपार कलली की तीच रांग. तो आधी येऊन माझी जागा धरायचा, मी आदल्या भागाचे वाभाडे काढायचे, तो मान खाली घालून ऐकायचा. मधेच डोळे वर करायचा — आणि मी वाक्य विसरायचे. काम काय करतोस, विचारलं तर म्हणे, "कारकुनी. लिहायचं काम." अर्धा रमजान सरला तरी आमच्याकडे मालिकांचे शेवटचे भाग लिहून व्हायचे असतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मलाच सुचलं नाही.

तेविसाव्या भागात लिफ्टवाला पोशाख उतरवून साफियाच्या दाराशी आला. ती म्हणाली, "माझं भलं माझं मी बघेन. तुला यायचंय तर बेल वाजव, नाहीतर जिना उतर."

"शाबास पोरी," आई म्हणाली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. शेवटी नावं सरकली, एरवी मी ती कधी वाचत नाही, त्यात लेखक म्हणून बासेम. माझं दुखणं त्यानं सगळ्या देशाला दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत मी एवढंच म्हणाले, "ते माझं होतं."

"हो. विचारायला हवं होतं मी. नेरमीन, मला—"

मी ऐकायला थांबले नाही. तीन दिवस त्या गल्लीकडे फिरकले नाही. त्याची फार आठवण यायची, आणि त्याचा आणखी राग यायचा.

चौथ्या दिवशी, अजानला पाचच मिनिटं असताना बेल वाजली. दारात बासेम, हातात कतायेफचा पुडा. पत्ता कतायेफवाल्या काकांनी दिला असणार, त्यांच्याशी नंतर बोलेन. आमची लिफ्ट रमजानच्या आधीपासून बंद. पठ्ठ्या रोजा ठेवून सात मजले चढला होता, घामानं निथळत होता.

मी दार लावणारच होते. पण इफ्तारच्या वेळी दारात आलेल्याला परत धाडणं आमच्यात होत नाही. आईनं दंडाला धरून त्याला जेवायला बसवलं आणि मग विचारलं, "कोण रे तू?"

"काकू, मी 'लिफ्टवाला' लिहितो."

"साफियाला बारा भाग रडवणारा तूच का, मेल्या?" आईनं कमरेवर हात ठेवले. "उठू नकोस. सूप आणते."

ती आत गेली. बासेमचे ओठ कोरडे पडले होते.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "तुझा एकही शब्द यापुढे न विचारता घेणार नाही. आणि... मला तू आवडतेस. खूप. हे कुठल्याच भागात लिहिलेलं नाही."

"शेवटचा भाग झाला लिहून?"

"नाही. उद्या चित्रीकरण आहे, आणि साफिया काय उत्तर देते ते अजून ठरत नाहीये."

"तिचं तू ठरव. माझं उत्तर टीव्हीवर दिसलं तर याद राख."

"तुझं... काय आहे?"

बाहेर अजान सुरू झाली. मी ताटलीतला पहिला खजूर उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"आधी हा खा," मी म्हणाले. "आणि उद्या रांगेत माझी जागा धर."