स्लॅबवरचे खूर

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्या घरात घडली, त्या कुशाबाई आजही निघोज्यात राहतात. विचारलं तर सगळं सांगतात. त्यांचा मुलगा स्वराज मात्र विषय निघाला की उठून बाहेर जातो.

गेल्या थंडीतली गोष्ट.

चाकणच्या कंपन्या गावाला अगदी लागून आल्यात. ज्याच्याकडं चार हात जागा, तो कामगारांसाठी खोल्या बांधतो. स्वराजनंही जुना गोठा पाडून परसात ओळीनं खोल्या काढल्या होत्या.

ज्या दिवशी छताचा स्लॅब ओतला, त्या दिवशी तो सेकंड शिफ्टला होता. गवंडी आवरून गेले. घरात फक्त कुशाबाई आणि सून तनुजा.

दिवेलागणीला परसातल्या नव्या स्लॅबवरून आवाज आला.

टप्... टप्...

"सेंट्रिंगच्या फळ्या वाजत असतील, आत्या," तनुजा म्हणाली. पण वर बघायला गेली नाही.

ती चाल कुशाबाईंच्या ओळखीची होती.

हौश्याची...

हौश्या म्हणजे त्यांचा खिलारी बैल. वासरू असतानाच त्याची आई मेली, तेव्हा कुशाबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पुढं तो बैलगाडा शर्यतीत असा पळायचा, की लोक टोप्या उडवायचे. एकदा पळता पळता दगडावर आपटला आणि पुढच्या डाव्या खुराची बाहेरची नखी अर्धी तुटली. मग वय झालं. पाय अधू झाला.

दिवाळीत स्वराजनं आईला स्वतः गाडीवर बसवून राजगुरुनगरला मावशीकडं सोडलं. "राहा जरा निवांत," म्हणाला.

त्या परत आल्या, तर दावण रिकामी. परसातली कोरडी विहीरही मुरूम टाकून बुजवलेली.

"मित्राच्या मळ्यात दिलाय गं हौश्याला," स्वराज म्हणाला. "हिरवा चारा, सावली... मजेत हाय."

मोबाइलवर फोटोही दाखवला. तसाच पांढराशुभ्र बैल. पाय मात्र गवतात बुडालेले.

भेटायला जाऊ म्हटलं, की दर वेळी स्वराजची ड्यूटी आडवी यायची.

स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाई पाणी मारायला वर चढल्या. जिना झालेला नव्हता. वर जायला एकच बांबूची शिडी.

त्यांनी वर पाय ठेवला आणि...

सिमेंटमध्ये खूर उमटले होते.

बैलाचे. खोल.

पुढचा डावा पाय... बाहेरची नखी अर्धी.

कुशाबाईंनी खाली बसून त्या तुटक्या नखीवर बोट फिरवलं. मग त्यांना दुसरे ठसे दिसले. बुटांचे. कंपनीत देतात तसले जाड तळाचे बूट, उजव्या टाचेचा तुकडा उडालेला. ते बूट रोज त्यांच्याच दारात काढून ठेवलेले असायचे.

त्या उठून ठशांच्या कडेकडेनं चालू लागल्या.

सुरुवातीला बूट पुढं, बैल मागं. पावलं सैल. घरच्या माणसामागं जनावर निमूट चालतं, तशी.

मग खूर एकाएकी रुतले होते. लांबलचक घसरा. हौश्या अडला होता.

त्यापुढं दोन्ही गुडघ्यांचे खळगे...

आणि तिथून बूट बैलाच्या मागं आले होते. टाचा उचललेल्या, चवडे खोल गेलेले. जोर लावून ढकलणाऱ्या माणसाचे.

शेवटचा खूर स्लॅबच्या कोपऱ्यात. त्यापुढं काहीच नाही.

त्या कोपऱ्याखाली काय होतं, हे कुशाबाईंना कुणी सांगायला नको होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी त्याच विहिरीचं पाणी शेंदलं होतं.

त्यांनी झोपलेल्या स्वराजला उठवून वर आणलं. त्यानं ठसे पाहिले. मग नजर खाली घातली.

"गवंड्यांनी चेष्टा केली असंल."

"बूट तुझं हायेत."

"आई, मी काल कंपनीत होतो!"

"व्हय. आन् दिवाळीत कुठं व्हतास?"

स्वराज रडायलाच लागला. "पाय गेल्ता त्याचा. कुणी घेईना. बांधकाम अडलं होतं... मला वाटलं, पडल्या पडल्या जाईल."

"म्हंजी... गेला न्हाई?"

उत्तर खालून आलं. शिडी धरून तनुजा उभी होती.

"मुरूम पडेस्तोवर हंबरत होता, आत्या... तुम्हांला त्रास नको, म्हणून सांगितलं नाही."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या सुनेला.

कुशाबाई शिडी उतरल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

स्वराजनं त्याच दिवशी ठशांमध्ये सिमेंट भरलं. वरचे खूर बुजले. पुढं खाली खोल्यांच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घातला, तोही नीट झाला. वाळून टणक झाला.

आणि एका सकाळी बुजवलेल्या विहिरीवरच्या शेवटच्या खोलीत...

पुन्हा खूर.

पण हे खोल गेलेले नव्हते. वर आलेले होते. टणक कोबा खुराच्या आकारात फुगला होता. जणू खालून कुणी पाय रोवला होता.

त्यानंतर अधूनमधून एकेक वाढत गेला. शेवटच्या खोलीतून अलीकडच्या खोलीत. मग घराच्या फरशीवर. स्वराजनं पूजा घातली, शांती केली. भाडेकरू एकही टिकला नाही.

तनुजाला वाटायचं, हौश्या स्वराजला न्यायला आलाय. पण स्वराजच्या दाराकडं एकही खूर वळला नाही.

सगळे कुशाबाईंच्या खोलीकडं चाललेत.

आणि त्याचं कारण कुशाबाईंना कळलंय. त्यांची झोप त्यानंच उडालीय.

"त्याला वाटतंय, मलाबी ठाऊक व्हतं," त्या सांगतात.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्या सगळ्यांत पुढच्या खुराजवळ बसल्या. त्यावर तळहात ठेवला. फरशी कोमट लागली.

"म्या न्हवते रे तिथं," त्या म्हणाल्या. "मला फसवून धाडलं व्हतं, लेकरा..."

मग त्यांनी फरशीला कान लावला.

खाली... खूप खाली... कुणीतरी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा खूर उमटलेला होता.

कुशाबाईंच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत.