विसळलेली बाटली

जंतुदर्पणाच्या पडद्यावर पुन्हा शून्य आलं आणि गावचं पाणी तपासणारी जलरक्षिका हर्षाली भडकली. "शून्य कसलं डोंबलाचं! माझी पोर चार दिवस सलाईनवर आहे."

वडजाई गावच्या टाकीखाली ही पेटी बसवून वर्ष झालं होतं. नमुन्याची बाटली आत ठेवायची. तासाभरात प्रकाशकिरण पाण्यातला एकेक जिवंत जंतू मोजायचे. शून्य आलं की पाच वाजता टाकीची झडप आपोआप उघडायची, जंतू दिसले की बंदच राहायची. माणसाने मध्ये लुडबूड करायची नाही, याचं सगळ्यांना मोठं कौतुक. अंगणवाडीतली अकरा मुलं जुलाबाने आडवी झाली, तरी पेटीचं आपलं एकच, पाणी स्वच्छ.

तिने तालुक्याच्या प्रयोगशाळेत डॉ. मुजावरांना फोन लावला. "मॅडम, मी हातमोजे घातले, नळाचं तोंड ज्योतीवर भाजलं, दोन मिनिटं पाणी सोडलं. बाटली लख्ख विसळली, मग भरली."

"थांबा. विसळली?"

"म्हणजे काय! न विसळता पाणी भरतं का कुणी?"

"अहो ताई, ती निर्जंतुकच असते! तळाला चिमूटभर पूड असते, ती क्लोरीनला थोपवते. पूड धुऊन गेली की क्लोरीन तासभर बाटलीतच जंतू मारत बसतं. पेटीला जिवंत काही दिसतच नाही. क्लोरीन तर टाकीतून निघताना मिसळतं, मग नळाला तोंड लावणाऱ्या पोराला तेवढा तास कुठून मिळणार?"

ती पूड कचरा समजून हर्षाली रोज धुऊन टाकत होती.

साडेतीन वाजले होते. तिने नवी बाटली उघडली. हात सवयीने विसळायला निघाला, तो तिने मागे ओढला. तास सरता सरेना. मग पडदा जिवंत जंतूंनी नुसता वळवळू लागला आणि झडपेवर लाल दिवा लागला.

"माझ्याच हाताने पाजलं गं तुला," ती पुटपुटली.

आणि तिला चैत्रातलं शिबिर आठवलं. बत्तीस गावांच्या जलरक्षिका समोर, आणि ही ऐटीत सांगतेय, "बायांनो, आधी बाटली विसळायची!"

त्या बत्तीस गावांतही अशाच पेट्या होत्या, आणि पाचला वीस मिनिटं होती. झडप हाताने बंद करता येत होती, पण टाकीपाशी जाऊनच. तिने पहिला नंबर लावला.

"शेवंताताई, आज बाटली विसळलीस का गं?"

"तर!" पलीकडून खुशीत उत्तर आलं. "तू सांगितल्यापासून रोज दोनदा विसळते."

"पळ, आधी झडप बंद कर!" हर्षाली ओरडली. अजून एकतीस गावं उरली होती. आधी कुणाला फोन लावायचा?