बेचाळीस मिलिमीटर

"अंकल, बुडालेल्या माणसाच्या रिळाला तेल घालतात की ग्रीस?"

हा प्रश्न माझा नाही. माझ्या मैत्रिणींनी, जिज्ञासा आणि उन्नतीने, पैज लावली होती. गॅदरिंगचं कापड घ्यायला आम्ही तिघी उल्हासनगरला गेलो होतो. मला मासेमारीच्या रिळासाठी तेल हवं होतं, म्हणून शिलाई मशिनच्या पार्ट्सच्या दुकानात शिरलो. "असंच्या असं विचार, नाहीतर तू फट्टू," उन्नती म्हणाली. गेल्या वर्षीपर्यंत मी खरंच फट्टू होते. वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरायचे. आता नाही. विचारलं. दोघी मागे तोंड दाबून हसत होत्या.

दुकानदार सिंधी काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"बॉडी मिली थी, बेटा?"

"नहीं."

"फिर सोच के डालना. ग्रीस पकड़ के रखता है. तेल छोड़ देता है."

त्यांनी दोन्ही समोर ठेवलं. पातळ तेलाची बाटली आणि पिवळ्या ग्रीसची डबी. मी दोन्ही घेतलं. परत येताना जिज्ञासा म्हणाली, "सॉरी यार. तुझा काका ना तो? मी विसरलेच."

हो, माझा काका. पुष्करकाका, बाबांचा धाकटा भाऊ. अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. सात वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी चामटोलीकडे नदीवर गळ टाकायला गेला आणि आला नाही. काठावर त्याची गळाची काठी मिळाली, चपला मिळाल्या. रिळावरचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, निम्म्याहून जास्त पाण्यात गेला होता आणि तुटला होता. मी तेव्हा आठ वर्षांची होते. रिळं उघडताना तो मला शेजारी बसवायचा. "दाताला दात घासतो तिथे ग्रीस. नुसतं गरगर फिरायचं असतं तिथे तेल, तेही एकच थेंब. कळलं का, इंजिनीअर?"

आता सात वर्षं झाली म्हणून पुढच्या रविवारी गुरुजी दर्भाचा पुतळा करणार होते. माणूस सापडला नाही की असा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग तो माणूस गेला. पुतळ्याबरोबर काकाचं रीळ ठेवायचं असं बाबांनी ठरवलं. मी म्हटलं, असं गंजलेलं नको, मी साफ करून देते.

उल्हासनगरहून आले त्याच रविवारी दुपारी, विधीला बरोबर एक आठवडा असताना, मी बाल्कनीत पेपर पसरून रीळ उघडलं. सात वर्षं कपाटात पडलेलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालेलं असणार, असं मला वाटलं होतं. ते मऊ होतं. ओलं. त्याला नदीच्या चिखलाचा वास येत होता.

मी रॉकेलने सगळं धुतलं. बेअरिंगला एक थेंब तेल दिलं आणि हँडलला टिचकी मारली. ते फिरलं, थांबलं, आणि मग आणखी अर्धा फेरा फिरलं. बाल्कनीच्या फरशीला उतार असेल, असं मी म्हटलं. पण शंका राहिली म्हणून बाबांच्या व्हर्नियर कॅलिपरने तंगूस गुंडाळलेल्या चकरीची जाडी मोजली. तीस मिलिमीटर.

सोमवारी शाळेतून आल्यावर मोजली तर बत्तीस.

मंगळवारी चौतीस. बुधवारी छत्तीस.

तंगुसाचं मोकळं टोक वीतभर होतं तेवढंच होतं. ते कशालाही बांधलेलं नव्हतं. पण ते खाली लोंबत नव्हतं. नदीकडच्या खिडकीच्या दिशेने सरळ, ताठ उभं होतं.

मी वहीत आलेख काढला. चकरी काठोकाठ भरली की बेचाळीस होते, तसं तिच्यावरच खोदलेलं आहे. म्हणजे शनिवारी सगळा तंगूस आत येणार. विधीच्या आदल्या दिवशी.

आईला दाखवलं. तिने टोकाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. "तू काहीतरी चिकटवलंयस," म्हणाली. बाबा म्हणाले, "कॅलिपर आधी शून्यावर आणलास का?" आणला होता. बाबांनी पुन्हा मोजलं, आकडा बघितला आणि कॅलिपर डब्यात ठेवला.

गुरुवारी अडतीस भरलं. नवे वेढे ओले होते. हँडलची मूठ गरम होती, कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखी.

तेव्हा मी घाबरले. खरं सांगते, घाबरले. डबी उघडली आणि ते पिवळं ग्रीस बेअरिंगमध्ये, दात्यांमध्ये, मुठीवर, जिथे जागा दिसली तिथे थापलं. आधीचं तेल पुसलंसुद्धा नाही. काकाने ही चूक कधीच केली नसती.

शुक्रवारी शाळेतून आले तर रीळ आवाज करत होतं. कट्. कट्. कट्. ताणलेला तंगूस ओढला जाऊन बाहेर सुटतो तेव्हाचा आवाज.

मोजलं. छत्तीस.

तो लांब जात होता.

मुठीवरच्या ग्रीसमध्ये चार बोटं उमटली होती. मी माझी बोटं त्यावर ठेवून पाहिली. माझी लहान पडली.

मी रडत रडत सगळं खोललं. कापसाने, ब्रशने, नखांनी ग्रीस काढलं. कण न् कण. मग एक थेंब तेल. हँडल एकदा सुटल्यासारखं फिरलं आणि आवाज थांबला.

शनिवारी अडतीस.

गणित सोपं होतं. रविवारी चाळीस, सोमवारी बेचाळीस. मी गुरुवारी ग्रीस थापलं नसतं तर आजच झालं असतं.

संध्याकाळी बाबा दर्भाची जुडी घेऊन आले. आईने ती टेबलावर ठेवली. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, ग्रीसचंसुद्धा. आवाज अजिबात कापला नाही माझा.

बाबांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"मलाही तो हवाय गं," ते म्हणाले. "पण सात वर्षं पाण्यात होता तो, राजसी. तू जे आत ओढतेयस ते काय आहे, माहितीये तुला?"

माहीत नव्हतं. अजूनही नाही.

"उद्या अग्नी दिला की सगळं शांत होईल," आई पुटपुटली. ती बाल्कनीतल्या रिळाकडे बघत होती. मीही बघितलं. तंगुसाचं टोक आता खिडकीकडे नव्हतं. ते हळूहळू वळत रस्त्याच्या बाजूला आलं होतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हटलं. "उद्या पुतळा जाळायचा नाही. गुरुजींना मी स्वतः फोन करते. आणि सोमवारी मी शाळेत जाणार नाहीये. तुम्ही दोघं ऑफिसला जाल, मग दार उघडायला घरात कुणीतरी लागेल."