होडी लागेपर्यंत

बत्ती बघायला आलाय ना? बघा, डोळे भरून बघा. हिचा एकेक दगड आमच्या पनज्यांनी डोक्यावरनं वाहिलाय.

सीवूड्सचे टॉवर उठले तसे लोक बोलू लागले, पाडा आता हा जुनाट दीपस्तंभ. पाडा काय पाडा! मी धोंडूबाई, मासळी विकनारी बाई, पन हापिसांचे उंबरे झिजवले. शेवटी डागडुजी झाली, नवी काच बसली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दिवेलागनीला, इंजिनियर अभय बोलला, "मावशी, पाच मिनिटं टेस्टिंग करतो. चला वर." खाडीवर धुकं दाटलेलं. चिखलाचा खारट वास थेट वरपर्यंत येत होता.

आमच्यात रीत हाय. बत्ती लागली की बाहेर असलेल्या होड्यांना वरून नावानं हाक मारायची. जिला हाक मारली ती धक्क्याला लागेपर्यंत बत्ती विझवायची नाय. आनि बुडालेल्या होडीचं नाव तर घ्यायचंच नाय.

माझा बापूस, दादू, ‘हिरावती’ होडी घेऊन गेला तो ही बत्ती बंद पडली त्याच पावसाळ्यात. अंधारात वाट चुकला. होडी नाय मिळाली, मानूस नाय मिळाला. म्हनून तर माझा एवढा हट्ट.

अभयनं बटन दाबलं. उजेड पार पान्यावर पसरला. अहाहा! ऊर भरून आला माझा. मी कसली गप बसतेय!

"हिरावतीऽऽ होऽऽ!"

मागच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज एकदम थांबला. मग खालून, धुक्यातून, दमलेला आवाज आला.

"होऽऽ..."

अभय पांढरा पडला. "मावशी... खाली कोणी आहे?"

वल्हं पान्यात पडत होतं. चुबुक... चुबुक... सावकाश, जवळ जवळ येत.

"मी बंद करतो... मला नाही बघवत..."

"बटनाला हात लावशील तर हात मोडीन! होडी लागू दे."

भ्याले नाय असं नाय. पन एकदा अंधारात हरवलेल्या मानसाला मी परत अंधार दाखवू? माझ्या बापसाला?

किती वेळ गेला कोन जाने. धक्क्याला काहीतरी ठक्कन लागलं. मग मी माझ्या हातानं बत्ती बंद केली.

सकाळी पाहुने आले तेव्हा ओहोटी होती, खाली नुसता चिखल. धक्क्याच्या नव्या खुंटाला काळा, कुजका काथ्याचा दोर बांधलेला. बांधलेला आनि ताठ! दुसरं टोक हवेत, होडीच्या तोंडाएवढं उंच. त्याच्यापुढं काय बी नाय.

तो बघा, अजून हाय. साहेब लोक बोलतात, कापून टाका. कापून तर बघा! दादूची हिरावती हाय ती, आमच्या बत्तीनं आनलीय घरी.

पन... अजून तिच्यातनं कोन उतरलं नाय.